गैरवर्तन आढळले नाही

आमच्या ह्यांना कोणी विचारलं, की वहिनी रिटायर झाल्यावर पुन्हा कुठे कामाला लागल्या, तर ते बेधडक सांगायचे, "कॉम्प्युटरवर पोलिसगिरी करते." शेजारच्या काकूंनी तर एकदा हळदीकुंकवाला, भर बायकांत, विचारलं, "काय गो शैला, तू म्हणे दिवसभर गेम खेळतेस? आणि वर पगार देतात?" मी म्हटलं, "हो ना. हरले तरी देतात." सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या दिवशी खरं उत्तर द्यायचं जिवावर आलं होतं. आता काम सोडलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर एक अख्खं जग असतं. त्यात रस्ते, घरं, झाडं, समुद्र सगळं. आत शिरलात की तुम्हाला एक शरीर मिळतं. त्याला अवतार म्हणतात, मी आपली सोंग म्हणायचे. आमच्या कोकणात शिमग्याला नमनाचा खेळ होतो, त्यात सोंगं येतात ना, तशी. फक्त नमनातल्या संकासुराचे पाय बघून पोरंसुद्धा सांगतात की हा कोणाचा कोण. इथे पाय कोणाचे ते कळत नाही. त्या सोंगानं चालायचं, बोलायचं, घर बांधायचं, ओळखी करायच्या. समोरची सगळी खरी माणसं, आपापल्या घरी बसलेली. त्यामुळे भांडणं खरी, माया खरी, आणि कोणी छळायला लागलं तर तो छळही खरा.

कंपनीचं नाव सांगणार नाही, तसं लिहून दिलेलं आहे. त्यांना मराठी वाचणारं, आणि नुसतं पुस्तकी नव्हे तर गावाकडचं मराठी कळणारं माणूस हवं होतं. मी आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर. कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं, ही सवय अंगात मुरलेली. भाचीनं अर्ज भरला आणि रत्नागिरीत आमच्या पडवीत टेबल मांडून मी दुपारी बारा ते रात्री आठ त्या जगाच्या पहाऱ्यावर बसले.

काम असं. कोणी तक्रार केली की माझ्यापुढे खिडकी उघडते. तक्रारदार काय म्हणतो ते वर, आणि दोघांमधल्या शेवटच्या चाळीस ओळी खाली. त्याखाली बटणं. ताकीद द्या, तोंड बंद करा, बाहेर काढा. आणि सगळ्यात शेवटी एक बटण, 'गैरवर्तन आढळले नाही'. एका तक्रारीला चार मिनिटं. शिवाय दिवसातून दोनदा फेरी मारायची, म्हणजे कोणाला न दिसता त्या जगात हिंडून यायचं.

तक्रारी काय काय यायच्या! आंजर्ल्याचे एक आजोबा होते, पंचाहत्तरीचे. त्यांनी त्या जगात जागा घेऊन बाग केली होती. त्यांची तक्रार दर आठवड्याला ठरलेली : शेजाऱ्यानं गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, माझ्या हद्दीत सरकवला. अहो, तिथे चिऱ्याचा गडगा कसला नि हद्द कसली! मी मोजून बघायचे, जागच्या जागी असायचा. एकदा कळवलं, "आजोबा, गडगा हललेला नाही." उलट उत्तर आलं, "बाई, तुम्हाला काय कळतंय? कोकणात गडगा न हलवणारा शेजारी मी पाहिलेला नाही." आता ह्यावर काय बोलणार? मी दर आठवड्याला मोजून देत राहिले.

पण सगळ्या तक्रारी अशा नव्हत्या. एका शिक्षिकेचे यजमान वारले होते. ती दोघं मिळून त्या जगात संध्याकाळी फिरायला जायची, आणि ते गेल्यावर ती एकटी जायची. एक दिवस तिला समोरून नवरा येताना दिसला. तेच सोंग, तोच सदरा, तेच नाव. कोणीतरी हुबेहूब उचललं होतं. तो तिच्या मागून चालायचा, बोलायचा काही नाही. तिनं तक्रारीत फक्त एवढं लिहिलं, "हे माझे यजमान नाहीत, ते वारले आहेत, कृपया ह्यांना थांबवा." शिरा पडो मेल्याच्या तोंडावर, म्हटलं, आणि दोन मिनिटांत त्याला कायमचा बाहेर काढला. तोतयेगिरीचा नियम स्पष्ट आहे, त्यामुळे विचार करावा लागला नाही. नियम असला की हे काम सोपं असतं.

जी गोष्ट सांगायला बसलेय तिथे नियम नव्हता आणि मी शहाणपणा केला.

त्या जगात आपल्या लोकांनी एक गाव वसवलं होतं. नाव कातळवाडी. मुंबईतले चाकरमानी, आखातात गेलेले, गावात मागे राहिलेले, असे दीडदोनशे जण असतील. कौलारू घरं, वहाळ म्हणजे ओढा, सड्यावरचं म्हणजे कातळाच्या माळावरचं देऊळ, सगळं जसंच्या तसं. शिमग्याला तिथे पालखी नाचायची. दिवेलागणीला देवळात जमून गाऱ्हाणं घालायचे. बाहेरच्यांसाठी सांगते : गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं, की बाबा असं असं झालंय, सांभाळून घे, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझी संध्याकाळची फेरी मी मुद्दाम त्या वेळी काढायचे. अदृश्य उभी राहून मीही पुटपुटायचे, "व्हय म्हाराजा."

हे गाव बांधलं होतं एका मुलीनं. तिथलं तिचं नाव रानजाई. खरं नाव मी इथे दीप्ती म्हणते, तिच्या संमतीनं बदललेलं आहे. सव्वीस वर्षांची, चिपळूणजवळच्या अलोऱ्याची. वडील तिथल्या वीजप्रकल्पात नोकरीला होते, ते गेले, आणि मायलेकी दोघीच उरल्या. दीप्तीला लहानपणापासून स्नायूंचा आजार. पाय कधी चाललेच नाहीत, आणि माझ्या गोष्टीच्या वेळेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं तेवढी धड चालत होती. त्या दोन बोटांनी तिनं एकेक कौल ठेवून ते देऊळ बांधलं होतं. कातळवाडीत ती चालायची, शिमग्यात पालखीला खांदा द्यायची. कातळवाडी नसती तर तिच्याजवळ एक खोली आणि एक खिडकी, एवढंच उरलं असतं. हे सगळं मला तक्रारीनंतर, जुन्या नोंदी चाळताना कळलं. माझ्यासमोर पहिल्यांदा आली ती फक्त तिची तक्रार.

तक्रार होती कातळवाडीतल्याच एकावर. त्याचं तिथलं नाव भाईमामा. तिनं लिहिलं होतं, "हे मामा मला सोडत नाहीत. वाईट काही बोलत नाहीत. पण मला भीती वाटते."

मी चाळीस ओळी वाचल्या. "जेवलीस काय गो बाय?" "गोळी घेतलीस?" "काल सांजच्याला खय होतीस?" "सांगून जात जा गो, जीव लागून रवता." बस. चाळीस ओळींत एक वावगा शब्द नाही.

आणि मी काय केलं असेल? मी हसले. माझं माहेर राजापूरचं. 'खय' म्हणजे कुठे, 'रवता' म्हणजे राहतो; हे शब्द वाचले आणि मला माझा मामाच दिसला, बाजारातून येताना हाक मारणारा, जेवलीस काय गो म्हणून विचारणारा. हैद्राबादच्या किंवा बंगळूरच्या एखाद्या पोरीसमोर ही तक्रार गेली असती, तर तिनं निदान वरिष्ठांना विचारलं असतं, की हा माणूस हिला दिवसभर असं का विचारतोय. मला विचारावंसं वाटलं नाही, कारण मला वाटलं मला ठाऊक आहे. आपल्याकडे मोठं माणूस असंच विचारतं.

'गैरवर्तन आढळले नाही' दाबलं. एवढ्यावर थांबले असते तरी कमी पाप लागलं असतं. पण मला त्या पोरीची कणव आली. छापील उत्तराच्या खाली मी स्वतःच्या दोन ओळी जोडल्या. "अगं, मोठं माणूस काळजीपोटी विचारतं. असं घाबरू नये. उलट अशी माणसं लाभायला नशीब लागतं." तीन मिनिटांत निकाल. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली, की बघा, यंत्राला हे जमलं असतं का!

त्यानंतर साधारण तीन आठवडे गेले. मी विसरूनही गेले होते. एका संध्याकाळी फेरीत देवळात उभी होते. नेहमीचे गाऱ्हाणं घालणारे गृहस्थ थांबले, आणि रानजाई पुढे आली. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची आपल्याकडे रीत नाही, पण तिथे कोणी अडवलं नाही. देऊळ तिनंच बांधलेलं. तिचा आवाज बारीक होता, मध्येच श्वास घ्यायला थांबायची.

"हे देवा म्हाराजा," ती म्हणाली, "तुझ्या वाडीतलं एक लेकरू आज तुझ्या पायाशी आलंय."

"व्हय म्हाराजा."

"त्याच्या वाटेत कोणी उभं राहिलं असंल, त्याच्या घराची चावी कोणी घेतली असंल, त्याचं बोलणं कोणी बांधून ठेवलं असंल..."

"व्हय म्हाराजा."

"तर त्याची वाट मोकळी कर म्हाराजा. आणि त्यानं सांगितलं ते कोणी खरं मानलं नसंल, तर त्याला तू खरं मान म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. तिच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर, भाईमामा उभा होता. तोही म्हणाला.

गाऱ्हाण्यात कोणाचं नाव घेत नाहीत. 'कोणी असंल' म्हणायचं, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. आणि माणसं सांगून दमली की मगच माणूस देवाजवळ असलं गाऱ्हाणं घालतं, हेही मला ठाऊक होतं. सांगितलेलं खरं न मानणारी कोण, तेही कळलं. मी जुनी तक्रार शोधून काढली आणि माझ्या त्या दोन ओळी वाचल्या. वाचवेनात.

आमच्या टीमची प्रमुख स्नेहा, पुण्याला बसायची. तिला लगेच फोन केला. ती म्हणाली, "शैलाताई, मी सगळं वाचलं. जेवलीस का, औषध घेतलंस का. ह्यात मी नियम कुठला लावू? मामा आहेत म्हणून बाहेर काढू?"

"तो तिचा मामा नाही."

"ते तुम्हाला वाटतंय. मला पुरावा हवा."

तिचंही चूक नव्हतं. मी रात्रीचा स्वयंपाक ह्यांच्यावर सोडला आणि विचार करत बसले. आणि मग माझी मलाच लाज वाटली. ऑपरेटर असताना मी कोणाच्या घरात काय चाललंय हे कशावरून ओळखायचे? शब्द ऐकून कधीच नाही. कोण कोणाला लावतो, किती वेळा लावतो, उचलला नाही तर किती वेळात पुन्हा लावतो, ह्यावरून. एखाद्या सासुरवाशिणीचा फोन आईला लागला की पाच मिनिटांत नवऱ्याचा फोन यायचा, कोणाशी बोलत होती म्हणून. नुसत्या घंटीवरून आम्हा बायकांना कळायचं. इतक्या वर्षांची ती विद्या, आणि मी 'खय' नि 'रवता'वर भाळले!

दुसऱ्या दिवशी मी चाळीस ओळी बाजूला ठेवल्या आणि मागच्या दोन महिन्यांच्या हालचालींची नोंद मागवली. त्या जगात कोणतं सोंग कधी कुठे गेलं हे सगळं नोंदलेलं असतं. एका बाजूला रानजाईची पावलं, दुसऱ्या बाजूला भाईमामाचे निरोप, अशी वेळ लावून मांडणी केली. ती कोणा मैत्रिणीजवळ जाऊन उभी राहिली की मिनिटाच्या आत निरोप, "जेवलीस काय गो?" ती वहाळाकडे एकटी गेली की, "खय हायस?" ती आलीच नाही, तर दर दहा मिनिटांनी, "गोळी घेतलीस?" तिच्या मैत्रिणींना तो परस्पर सांगायचा, "तिची तब्येत बरी नसता, तिला लिहू नका." एकेक करून सगळ्या गप्प झाल्या होत्या. शेवटच्या महिन्यात ती त्याच्यापासून हातभर लांब गेलीच नव्हती. आणखी एक दिसलं. तिच्या नावानं आत येणारी यंत्रं दोन होती. एक अलोऱ्याचं, आणि एक त्याचं. म्हणजे तिचा पासवर्ड त्याच्याकडे होता. माझं ते उत्तर त्यानं तिच्याआधी वाचलं होतं.

स्नेहानं मांडणी दोनदा वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाली, "काढू ह्याला. पण ताई, नियमाप्रमाणे चौकशी संपेपर्यंत तिचंही खातं बंद करावं लागेल. तिच्या सुरक्षेसाठी."

"म्हणजे चोर पकडायचा आणि घर मालकिणीचं सील करायचं? तिला दुसरं जग नाही गं."

"मला आठवडाभर थांबवता येईल. तेवढ्यात तिच्याशी बोलून खातं तिच्या ताब्यात द्या."

बोलायचं कसं? तिला पाठवलेला निरोप आधी तोच वाचणार. राहिला फक्त नोंदवलेला फोन नंबर. खातं परत ताब्यात देताना त्या नंबरवर एक फोन करायची आम्हाला परवानगी असते, आणि त्या नंबरला त्यानं हात लावला नव्हता, कारण तो आईचा होता. बदलायला गेला असता तर आईच्या फोनवर निरोप आला असता.

मी फोन लावला. आयुष्यभर हेच केलं, पण त्या दिवशी नंबर तीनदा ताडून बघितला.

"कोण बोलतंय?" आई होती.

मी कंपनीचं नाव सांगितलं, दीप्तीशीच बोलायचंय म्हटलं. थोडी खुडबुड झाली, मग तो बारीक आवाज आला. "हं, बोला."

"दीप्ती, मी रत्नागिरीहून शैला बोलतेय. तुझ्या तक्रारीला ते उत्तर दिलं होतं ना, काळजीपोटी विचारतं म्हणून, ते मी लिहिलेलं. माझं चुकलं. फार चुकलं."

मग ती म्हणाली, "त्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, बघ, कंपनीतली बाईसुद्धा काय सांगते. मग मी पुन्हा तक्रार केली नाही."

मी म्हटलं, "आम्ही त्याला उद्या बाहेर काढतोय. तू फक्त पासवर्ड बदल, मी सांगते तसा."

"नको," ती घाईघाईनं म्हणाली. "नका काढू. त्यांच्याकडे माझं बोलणं आहे. रेकॉर्ड केलेलं. मी त्यांना विश्वासानं काहीतरी बोलले होते, आईबद्दल. कॅमेरा लाव म्हणून मागे लागलेत, मी लावत नाही, तर म्हणतात आईला ऐकवीन."

"मग दीप्ती, तू स्वतःच आईला आधी सांगून टाक. तिनं तुझ्या तोंडून ऐकलं की त्याच्या हातात काही उरत नाही. आई आता कुठे आहे?"

"इथेच," ती म्हणाली. "फोन तीच धरते माझ्या कानाला. मला धरता येत नाही."

अरे देवा! हातात दोन बोटांचं बळ असलेली मुलगी फोन कसा धरेल, हे मला सुचूच नये? फोनच्या त्या टोकाला दोन माणसं आहेत हे ओळखण्यात तर माझी हयात गेली. तिकडून आईचा आवाज आला, "काय बोललीस गो माझ्याबद्दल?"

आईनं पुन्हा विचारलं नाही. मला त्या दोघींचे श्वास ऐकू येत होते, फोन अजून तिच्या कानाशीच होता. मग दीप्ती मला म्हणाली, "मला सांगता नाही येणार. पण तुम्ही काढा त्यांना. ऐकवायचं तर ऐकवू देत."

दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला आणि भाईमामाला काढला. स्नेहानं शब्द पाळला, दीप्तीचं खातं एक दिवसही बंद झालं नाही. आई तिला घेऊन पोलिसांत गेली, आम्ही नोंदी दिल्या. मला मनातून वाटत होतं, की हा कोणी परका निघेल, आपली भाषा शिकून घेतलेला. तसं निघालं नाही. नावगाव सांगता येत नाही, पण भाषा त्याची खरीच होती. तो आपलाच माणूस होता.

मी माझ्याविरुद्ध अहवाल लिहून पाठवला. स्नेहा म्हणाली, कशाला ताई, कोणी विचारलेलं नाही. मी म्हटलं, मी विचारलंय. त्याचा परिणाम एवढाच झाला, की कंपनीनं फतवा काढला : यापुढे छापील उत्तराखाली स्वतःच्या ओळी लिहू नयेत. मी लिहिलं होतं, की निरोपांतले शब्द वाचत बसू नका, ते किती वेळा आणि कधी येतात ते बघा. ते कोणी वाचलं की नाही देव जाणे. पुढे वर्षभर मी काम केलं, आणि कोणी काका, मामा, दादा दिसला की चार मिनिटांची चाळीस मिनिटं करायचे. मग डोळ्यांनी दगा दिला आणि सोडलं.

काम सोडल्यावर तक्रारदारांना न भेटायचा नियम मला लागू राहिला नाही. दीप्तीला विचारलं, येऊ का? ती म्हणाली, या. मी एसटीनं चिपळूणला उतरले आणि तिथून अलोऱ्याला गेले. प्रकल्पाच्या कॉलनीच्या खालच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. दीप्ती खिडकीशी, उशांच्या आधारानं बसवलेली. मला बघून म्हणाली, "तुम्हाला मावशी म्हणू?"

"नको बाई," मी म्हटलं. "सध्या नावानंच हाक मार."

"नावानं कशी मारू? केवढ्या मोठ्या तुम्ही!" आम्ही दोघी हसलो. तिच्या आईनं घावणे केले होते, ते माझ्यापुढे ठेवले आणि दीप्तीला भरवत बसली. मी मनाचा हिय्या करून विचारलं, "त्यानं मग पाठवलं का ते रेकॉर्डिंग?"

"त्याच दिवशी," दीप्ती म्हणाली. "आईच्या फोनवर. आई मागल्या दारी तांदूळ निवडत होती. आत आली, फोन माझ्यासमोर धरला आणि लावलं. मी डोळे मिटून घेतले. माझाच आवाज. आई आधी गेली तर मला कोण उचलणार, आणि मी आधी गेले तर निदान ती तरी सुटेल. देवानं मला आधी न्यावं, लवकर न्यावं. असं सगळं. संपलं, तर आईनं पुन्हा लावलं."

मी तिच्या आईकडे बघितलं. "दुसऱ्यांदा कशाला हो?"

त्यांनी घास तसाच हातात धरला. "पयल्यांदा ऐकताना मला वाटलं माझाच आवाज हाय," त्या म्हणाल्या. "मी पण देवाला तेच सांगते. हिला आधी ने, मग मला. रोज सांगते, आणि मग दिवसभर हिच्या तोंडाकडं बघायला होत नाय, आई असून असं मागते म्हणून. इतकी वर्षं एका खोलीत निजतो आम्ही दोघी. हिला म्हटलं, गो, मला हाक तरी मारायचीस."

"मग?"

"मग काय. रडलो दोघी. हिची कूस बदलायची वेळ झालेली, ती बदलली."